फेसाखाली अडकलेले ‘परंतु’

मनुष्याच्या आयुष्यात ज्ञान कोणत्या दाराने शिरेल याचा नेम नसतो. कोणाला ते वर्गात मिळते, कोणाला ग्रंथालयात, तर कोणाला आयुष्यभर मिळतच नाही आणि तरीही त्याचे सगळे सुरळीत चालते. प्रस्तुत कथेतील थोरल्याला ते गिऱ्हाइकाच्या गालावर साबणाचा फेस करता करता मिळाले. आणि असे काही मिळाले, की त्यानंतर त्याचे घर, त्याचे दुकान आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यावरचे केस यांपैकी एकही वस्तू पूर्वीसारखी राहिली नाही.

थोरला व धाकटा या दोघा भावांचे मिळून एक केशकर्तनालय होते. बुटांच्या खोक्यासारखी लांबट खोली. पुढच्या अंगाला हमरस्ता, मागच्या अंगाला बोळ आणि दोन्हीकडे एकेक दार. पुढच्या दाराशेजारी भली मोठी काचेची खिडकी होती आणि तिच्यासमोर पायाने दाबली असता वर चढणारी जुनी लोखंडी खुर्ची. मागे बेसिनपाशी दुसरी खुर्ची होती. ती किंचित डावीकडे कललेली असल्यामुळे तिच्यात बसलेले गिऱ्हाईक आपोआप मान उजवीकडे कलती करी, आणि दोन्ही कल्ले सारखे झाले की नाहीत हे तो मनुष्य उभा राहिल्यावरच उघडकीस येई. मागची खुर्ची धाकट्याची. पुढच्या खुर्चीचा मान थोरल्याचा.

ही पुढची जागा म्हणजे थोरल्याचा जीव की प्राण. वडील हयात असताना तिथे ते उभे राहत; त्यांच्यामागे थोरला. रस्त्याने जाणारा प्रत्येक ओळखीचा मनुष्य काचेतून हात करी आणि थोरला हातातल्या कात्रीनेच त्याला उत्तर देई. कोणाचे टक्कल कुठवर आले, कोणाची बायको रागाने पुढे चालली आहे, कोणी उधारीमुळे मान खाली घालून जात आहे, हे सर्व ज्ञान त्याला तिथल्या तिथे होई. बायको माहेरी गेली असता तो चांगला तग धरी. खिडकीवाचून त्याने अर्धा दिवसही काढला नसता. ही गोष्ट बायकोलाही ठाऊक होती, आणि तिने ती मनाला लावून घेण्याचे केव्हाच सोडून दिले होते.

त्या पुढच्या खुर्चीत एक प्राध्यापक एक दिवसाआड दाढीला बसत. माणसे निवड कशी करतात, याचे शास्त्र ते महाविद्यालयात शिकवीत. दाढीला बसलेला मनुष्य पळून जाऊ शकत नाही. त्यामुळे थोरल्याने त्यांच्याकडून ते शास्त्र हप्त्याहप्त्याने काढून घेतले.

“म्हणजे सर, माणूस जे काही करतो ते फायद्यासाठीच?”

“तसं धरून चालायचं,” प्राध्यापक म्हणाले. “प्रत्येकाला काहीतरी हवं असतं. समोरच्या पर्यायांतला जो ते जास्तीत जास्त मिळवून देईल, तो शहाणा माणूस उचलतो. एवढंच.”

“आणि चांगुलपणा?”

“तो शेजारच्या वर्गात शिकवतात.”

थोरल्याने वस्तरा पट्ट्यावर परजला आणि प्राध्यापकांची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली. “मग एक सांगा. माझ्या हातात वस्तरा, समोर तुमचा गळा. मी तो का कापत नाही?”

“कारण मी परवा पुन्हा येणार. गिऱ्हाईक मेलं तर नुकसान तुमचं.”

“आणि परवा तुम्ही येणारच नसलात तर?”

प्राध्यापकांनी आरशातून थोरल्याकडे क्षणभर पाहिले. “मी येणार आहे,” ते ठासून म्हणाले.

या एका दाढीने थोरल्याच्या मेंदूत दिवा लागला. आजपर्यंत ज्या जगात माया, मैत्री, भीड, लाज अशा नाना प्रकारच्या धुराने त्याला काही धड दिसत नव्हते, ते जग आता त्याला काचेसारखे स्वच्छ दिसू लागले. त्याने तो प्रकाश प्रथम घरात पाडला.

“तू माझ्याशी लग्न केलंस,” तो जेवताना बायकोला म्हणाला, “ते उपलब्ध पर्यायांत मी सर्वांत फायद्याचा होतो म्हणून. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.”

“वाईट नाही वाटत,” बायको म्हणाली. “मोजायला चुकले, एवढंच वाटतं. आणखी वाढू?”

थोरल्याला यातला टोमणा कळला नाही असे नाही. परंतु ज्याला तत्त्व सापडले आहे त्याला टोमणे लागत नाहीत. त्याने पुढचा मोर्चा धाकट्याकडे वळवला.

धाकट्याची एक खोड होती. दुकान बंद असण्याच्या वाराला तो पिशवीत सामान भरून इस्पितळात जाई व खाटेवर पडून असलेल्या म्हाताऱ्यांच्या दाढ्या करून येई. पैसे घेत नसे. मागे तर एका म्हाताऱ्याची दाढी त्याने अर्धी केली असता म्हातारा वारला. आणि परिचारिका नको म्हणत असतानाही धाकट्याने उरलेली अर्धी पूर्ण केली. अर्धवट काम सोडणे त्याच्या हाताला जमत नसे.

“यात तुझा फायदा काय?” थोरल्याने विचारले.

“फायदा कसला? बरं वाटतं.”

“सापडलास! बरं वाटणं हाच तुझा फायदा. म्हणजे तू स्वतःसाठीच जातोस. म्हणजे तू स्वार्थी.”

धाकटा विचारात पडला. “आणि नसतो गेलो तर?”

“तर घरी झोपण्यात तुझा फायदा. तरीही स्वार्थी.”

“दादा, मग तुझं शास्त्र काही करा, तेच म्हणणार. त्यापेक्षा पोपट बरा, तो मधूनमधून शिव्या तरी देतो.”

इथवर सर्व हसण्यावारी गेले असते. परंतु एके संध्याकाळी धाकटा नेहमीप्रमाणे आईच्या गुडघ्यांना तेल चोळत बसला होता. आई म्हणजे त्या घरातले सर्वांत वरचे न्यायालय. तिचे गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. थोरला दारातून आत आला, हे दृश्य त्याने पाहिले आणि प्रेमळपणे म्हणाला, “चोळ, चोळ. ही गुंतवणूक आहे. आईच्या मागे दुकानाची खोली कोणाला जाणार, हे ठरायचंय अजून.”

धाकट्याचा हात गुडघ्यावर तसाच थांबला. त्याने तेलाच्या बाटलीला बूच लावले, हात पुसले आणि शांतपणे म्हणाला, “आई, मला दुकानात वाटणी पाहिजे.”

“अरे, मी शास्त्राचं बोललो—” थोरला म्हणाला.

“तुझं शास्त्र नि तू दोघे एका बाजूला बसा. मी दुसऱ्या बाजूला बसतो. मधे फळी घालू.”

आईने दोघांकडे पाहिले. “माझ्या मरणाचा हिशोब माझ्यादेखत चाललाय,” ती थोरल्याला म्हणाली, “तर ऐका. वाटणी होईल ती तुमच्या बापाच्या पद्धतीने. थोरल्याने वाटे करायचे, धाकट्याने उचलायचा. उचलला की बदल नाही.”

ही त्या घराची जुनी रीत होती. लहानपणी दोघांत एक वस्तू आली की थोरल्याने तिचे दोन भाग करायचे व धाकट्याने आधी निवडायचा. त्यामुळे थोरला भाग करताना दोरीने मापे घेई. फळे, रंगखडू, पांघरूण, सर्व याच न्यायाने वाटले गेले होते. एकदा एक रबरी चेंडूही वाटला गेला, आणि त्यानंतर त्या घरात चेंडूचा खेळ बंद झाला.

थोरल्याने तिथल्या तिथे हिशोब केला. दुकानाची वाटणी म्हणजे मधोमध फळी, एकाला पुढचा भाग, एकाला मागचा. धाकट्याने पुढचा उचलला की खिडकी गेली! तोंड उघडून “मला खिडकी दे” असे म्हणणे हा एक पर्याय होता. परंतु नुकतीच ज्याला गुंतवणूक शिकवली त्याच्यापुढे पदर पसरणे त्याला प्राणांतीही शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने प्राध्यापकांना खुर्चीत बसवले, गळ्याभोवती कापड बांधले आणि ब्रश फिरवत विचारले.

“सर, समजा वाटे मी करणार, उचलणार तो. मला मात्र खिडकीचाच वाटा हवा. तर काय करावं?”

“सोपं आहे,” प्राध्यापक खुशीत आले. “खिडकीच्या वाट्यातली एकेक वस्तू काढून दुसऱ्या वाट्यात टाकत जा. एक वेळ अशी येईल की दुसरा वाटा त्याला उघड उघड मोठा दिसेल. मग तोच वाटा तो उचलेल, आणि खिडकी तुमच्याकडे राहील.”

“वा! म्हणजे देणाराही मीच नि घेणाराही मीच.”

“परंतु,” प्राध्यापक म्हणाले, “यात एक मोठं परंतु आहे हं. हे सगळं आपण असं धरून चालतो की—”

“सर, ओठ मिटा. मिशीखाली लावतोय.”

“म्म्म,” प्राध्यापक म्हणाले. त्यांनी काहीतरी महत्त्वाचे सांगण्यासाठी कापडाखाली बोट उभे केले. बाहेरून ते तंबूच्या खांबासारखे दिसले. थोरल्याला ती संमती वाटली. मिशी कोरून होईपर्यंत प्राध्यापकांची तासाची वेळ झाली, ते कानामागचा फेस पुशीत निघून गेले आणि ते ‘परंतु’ तिथेच ब्रशला चिकटून राहिले.

थोरला कामाला लागला. प्रथम त्याने तोंडाने खिडकीचा भाव पाडला. वाटणीच्या दिवसापर्यंत तो धाकट्याला ऐकू जाईल असे विव्हळत होता. “काय हे ऊन! डोळ्यांची वाट लागली.” “धूळ तरी किती येते, ह्या खिडकीपायी छाती भरली माझी.” “येणारा जाणारा हात करतो, माणसाने कापायचं कधी?” धाकटा नुसता त्याच्याकडे पाहून पुन्हा आपल्या कलत्या खुर्चीकडे वळे.

मग बंद असण्याच्या वारी थोरल्याने वाटे मांडले. मागच्या भागात त्याने केस कापायचे नवे विजेचे मशीन ठेवले. गीझर तिथे होताच. पुढच्या भिंतीवरचा वडिलांचा मोठा आरसा काढून मागे टांगला. पंखा नेला, टॉवेलांचे कपाट नेले. तरी मनाची खात्री होईना. तेव्हा त्याने स्वतःचा रेडिओ, ज्याला धाकट्याने आजवर बोट लावलेले त्याला खपले नव्हते, तोही उचलून मागच्या मांडणीवर ठेवला. आणि शेवटी वडिलांचा हस्तिदंती मुठीचा वस्तरा त्याच्या शेजारी मांडला. पुढच्या वाट्यात राहिले काय? एक खुर्ची, एक खिडकी आणि जिथून आरसा काढला तो खिळा.

आई पंचाच्या आविर्भावात पुढच्या खुर्चीत बसली. थोरल्याची बायको दाराशी उभी राहिली. धाकटा आत आला व हात मागे बांधून हिंडू लागला. त्याने आरसा पाहिला. रेडिओपाशी थांबला. वडिलांचा वस्तरा उघडला, मिटला, पुन्हा जागेवर ठेवला. मग तो भावाकडे वळला.

“दादा,” तो म्हणाला. “मी पुढचा घेतो. तू मागचा ठेव.”

“काय?” थोरला ओरडला.

“ऊन तुला सोसत नाही, धूळ सोसत नाही. तुझ्या जिवाच्या सगळ्या वस्तू तू आत नेऊन मांडल्यास. रेडिओ नेलास, बाबांचा वस्तरा नेलास. तुला आत जायचंय हे आंधळ्यालाही दिसेल. मला राग आलाय तुझा, खूप आलाय, पण म्हणून तुझ्या म्हातारपणाची सोय काढून घेऊ? तुला तोंडाने मागता येत नाही, हे काय मला आज कळलं?”

थोरल्याला तोंडात मारल्यासारखे झाले. “अरे, पण बघ तरी नीट!” तो कळवळून म्हणाला. “मशीन बघ! गीझर बघ! पुढे काय आहे? एक खिळा! तू तोट्यात चाललायस, वेड्या! आत सगळा फायदा आहे, तो उचल!”

“बघ, अजून मलाच दे म्हणतोय,” धाकटा आईला म्हणाला आणि त्याने डोळे पुसले. “आता तर मुळीच नाही घेणार.”

“उचल रे, मी सांगतो ना! मोठा भाऊ सांगतो!”

“दादा, पुरे. किती लाजवशील?”

आईने थोरल्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. मग तिने तोंडाला पदर लावला, आणि ती रडते आहे असे धाकट्याला वाटले. “उचलला,” ती पदराआडून म्हणाली. “आता बदल नाही.”

सारांश, फळी बसली. थोरला आत गेला. त्याच्याजवळ आता आरसा होता, पंखा होता, रेडिओ होता. आणि समोर प्लायवूड. धाकट्याने त्याच्या औदार्याची कीर्ती इतकी पसरवली की औषधाच्या दुकानाचा मालक मुद्दाम बोळातून येऊन थोरल्याचा हात हातात घेऊन गेला. “सख्ख्या भावाकरता खिडकीवर पाणी सोडलंत! असा माणूस या काळात नाही.” थोरल्याने हात सोडवून घेतला व गिऱ्हाइकाची मान गरजेपेक्षा जास्त खाली दाबली.

गरम पाणी फक्त त्याच्याकडे होते, म्हणून फळीला मग जाईल एवढे भोक पाडण्यात आले. दिवसातून कैक वेळा त्या भोकातून धाकट्याचा हात रिकामा मग घेऊन येई व भरलेला घेऊन जाई. त्या क्षणी थोरला वाकून भोकातून खिडकी दिसते का पाहू लागला. एके दिवशी तीही दिसेना. धाकट्याने काचेवर आतून जाड कागद चिकटवला होता.

“हे काय केलंस?” थोरल्याने भोकातून किंकाळी फोडली.

“तूच म्हणायचास ना, ऊन फार येतं,” पलीकडून उत्तर आले. “खरंच येतं रे. तू इतकी वर्षं कसं सोसलंस?”

याच सुमारास दुसरे एक संकट हळूहळू वाढत होते, आणि ते अक्षरशः वाढत होते. दुसऱ्याचे केस कापणारा मनुष्य स्वतःचे मात्र कापू शकत नाही; मान मागे वळत नाही आणि आरशात कात्री उलटी चालते. आजवर दोघे भाऊ बंद असण्याच्या वारी एकमेकांचे केस कापीत. फळी बसल्यापासून ते थांबले. कोणी कोणाला बोलावले नाही. थोरल्याचे केस कानांवर आले, मग मानेवर उतरले. बायकोने विचारले, “कीर्ती वाढतेय तसे केसही वाढवायचं ठरवलंय का?”

प्राध्यापक आता बोळाच्या दाराने येत. कलत्या खुर्चीत एका बाजूला झुकून त्यांनी सगळी हकीकत ऐकली. तुरटी फिरली, टॉवेलाने चेहरा पुसून झाला, वस्तरा मिटून मांडणीवर गेला. तेव्हा ते उठून उभे राहिले.

“माझी बदली झाली आहे,” ते म्हणाले. “आजची ही शेवटची दाढी. हे मी मुद्दाम दाढीनंतर सांगतो आहे.”

“सर, माझ्यावर एवढासुद्धा विश्वास नाही?”

“तुमच्यावर आहे. मी तुम्हाला जे शिकवलं त्याच्यावर नाही.” ते दारापर्यंत गेले आणि परत फिरले. “आणि ते परंतु राहिलं होतं. आपण असं धरून चालतो की समोरचा फक्त स्वतःचा वाटा बघतो. पण माणसाला काय हवं असावं, हे शास्त्र सांगतच नाही हो. ते एवढंच म्हणतं की जे हवं असेल त्याच्याकडे सरळ वाटेने जा. तुमच्या भावाला तुमचं सुख हवं होतं. तो सरळ गेला.”

“म्हणजे मी हरलो तो कशाने? शास्त्राने की चांगुलपणाने?”

“घाईने,” प्राध्यापक म्हणाले. “मिशी नंतर केली असतीत तर चाललं असतं.”

त्या दिवशी थोरल्याच्या हातून दोन गिऱ्हाइकांचे कल्ले वेगवेगळ्या पातळीवर राहिले, आणि दोष या खेपेस खुर्चीचा नव्हता. खिडकी गेली याचे दुःख होतेच. परंतु आता जो जो मनुष्य त्याला उदार म्हणे, तो तो त्याच्या अंगावर चोरीचा कोट चढवून जातो आहे असे त्याला वाटू लागले. खरे सांगावे तर नाव जाणार, खिडकी तर परत येणारच नाही. न सांगावे तर नाव राहणार. सर्व हिशोब गप्प बसण्याच्या बाजूने होता. बंद असण्याच्या वारी तो उठला, रस्त्याला वळसा घालून पुढच्या दाराने आत गेला. धाकटा इस्पितळात न्यायची पिशवी भरीत होता. थोरला जुन्या खुर्चीत गिऱ्हाईक म्हणून बसला.

“केस,” तो म्हणाला.

धाकट्याचा चेहरा उजळला. “मला वाटलं आता तू दुसरीकडे जातोस की काय! डोकं आहे की झुडूप?” त्याने कापड बांधले व कात्री चालवू लागला. उजवी बाजू कापून झाली. कानामागची कड साफ करायला त्याने वस्तरा उघडला, तो मानेला टेकवला, आणि थोरल्याने डोळे मिटले.

“छोट्या, ते वाटे मी मुद्दाम तसे लावले होते.”

“म्हणजे?”

“मला खिडकी हवी होती. तू आतला उचलावास म्हणून सगळं आत नेलं.”

वस्तरा जागच्या जागी थांबला. “आणि ऊन? धूळ? छाती?”

“नाटक.”

“बाबांचा वस्तरा?”

“आमिष.”

“मी सगळ्या रस्त्याला सांगत सुटलो,” धाकटा सावकाश म्हणाला, “की माझा भाऊ देवमाणूस आहे.”

“मी म्हणत होतो ना, उचल उचल म्हणून?”

“ते मला फसवायला म्हणत होतास!”

“फसवायलाच. पण फायदा तुझा होता की नाही?”

धाकट्याने वस्तरा मिटला. गाठ सोडून कापड एका झटक्यात काढले. “ऊठ.”

“डावी बाजू राहिली.”

“ती आत जाऊन काप. आरसा तुझ्याकडे, मशीन तुझ्याकडे, गीझर तुझ्याकडे. आणि हात कमी पडले तर शास्त्राला बोलाव.”

अशा रीतीने थोरला उजवीकडून सभ्य गृहस्थ व डावीकडून अस्वल अशा रूपात रस्त्यावर आला. घरी बायकोने त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. “एवढे पर्याय मोजता तुम्ही,” ती म्हणाली. “त्यातून हे निवडलंत?” आई तर इतकी हसली की तिला गुडघे धरून बसावे लागले. “त्या दिवशीच कळलं होतं मला,” ती म्हणाली. “पण तुझा चेहरा इतका बघण्यासारखा झाला होता, मोडवेना.”

वास्तविक उपाय पुष्कळ होते. चौकात दुसरे केशकर्तनालय होते. मशीनने सगळे डोके साफ करता आले असते. निदान टोपी घालता आली असती. थोरल्याने यातले काहीच केले नाही. का केले नाही, हे त्याला सांगता आले नसते; परंतु उरलेली बाजू दुसऱ्या कोणी कापावी ही कल्पनाच त्याला सोसत नसे. तो रोज त्याच डोक्याने कामाला उभा राही. गिऱ्हाइके त्याच्याकडे पाहून “माझं मात्र दोन्हीकडे करा हं” असे आधीच बजावीत, आणि काही तर दारातूनच परत जात. एका तरुणाने ही नवी तऱ्हा समजून अगदी अश्शीच मलाही हवी म्हणून हट्ट धरला, व पैसे देऊन करूनही नेली.

भोकातून मग येत-जात होता. शब्द येत नव्हता. पुढे एकदा मगाऐवजी भोकात डोळा दिसला.

“अजून तसाच?” डोळा म्हणाला.

“तसाच.”

“जो येतो तो मला विचारतो, हे काम कोणाचं. अर्धं डोकं टाकून दिलं म्हणतात. माझी झोप उडालीय. बाहेर ये.”

“म्हणजे तू मला माफ—”

“थोबाड बंद! तुझ्यासाठी नाही करत. माझ्या नावासाठी करतोय. शुद्ध स्वार्थ. ऐकलंस? फायदा माझा.”

हे धाकट्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे हे थोरल्याला कळले. उरलेले अर्धे कोणते, तेही कळले. आणि त्यावर शास्त्रानुसार बोलण्यासारखे पुष्कळ असूनही तो आयुष्यात पहिल्यांदा काही बोलला नाही.

तो पुढच्या खुर्चीत बसला. डावी बाजू कापली गेली. मग धाकट्याने काचेवरच्या कागदाचे एक टोक धरले आणि तो टरकावून काढला. रस्ता एकदम आत आला. औषधाच्या दुकानाचा मालक समोरून जात होता. त्याने हात केला. थोरल्याचा हात कात्रीसाठी आपोआप उठला, पण कापडाखालीच राहिला.

“खिडकी दे ना रे,” तो म्हणाला. तोंडाने मागण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती, आणि ते शब्द कसे बाहेर पडले याचे त्यालाच आश्चर्य वाटले.

धाकट्याने विचार केला. “नाही,” तो म्हणाला. “मला आवडायला लागलीय ती. पण फळी काढू. म्हणजे तुला आतून खिडकी दिसेल, मला गरम पाणी मिळेल, आणि सारखं त्या भोकात वाकून माझी कंबर मोडणार नाही. रेडिओ मात्र मी लावणार. वर कर हनुवटी. दाढी पण वाढलीय.”

ही वाटणी कोणत्याही मापाने समसमान नव्हती. थोरल्याने ती मनात एकदा दोरीने मोजून पाहिली. आपला वाटा स्पष्ट लहान होता.

“परंतु—” त्याने तोंड उघडले.

“ओठ मीट,” धाकटा म्हणाला, आणि त्याने फेसाने भरलेला ब्रश त्या शब्दावरून फिरवला.